झोळीची वायर

प्रिय ढब्बू,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव, हुद्दा आणि ऑफिसचा पत्ता नीट लिहिलाय, त्यामुळे शिपायासमोर तुझी अब्रू जायची नाही. आत मात्र मी मला हवं तेच लिहिणार. फोन केला की तू 'मीटिंगमध्ये आहे' असं पाठवतोस, आणि मेसेज केला की अंगठा. मी विचारलं, जेवलास का, तर अंगठा. बाबांना ताप आलाय असं कळवलं, तर त्यालाही अंगठा. ताप उतरला का हे तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते, उतरला. शेवटी बाबांच्या दुकानातून कोरे कागद उचलून आणले. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, निदान फोडावं तरी लागतं.

आधी घरचं सांगते, म्हणजे तू पहिल्याच पानावर पत्र बाजूला ठेवायचा नाहीस. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. नळवाला येतो, आधी कोणी काम केलंय त्याला मनसोक्त शिव्या घालतो आणि वॉशर बदलून जातो. आधी काम केलेला तोच होता, हे त्याला सांगायचा मला आता कंटाळा आलाय. बाबांनी तुझ्यासाठी दोन शर्ट शिवलेत. माप विचारलं तर काय आलं हे तुला माहीत आहेच, म्हणून त्यांनी अंदाजाने बेतले. गळा मोठा झालाय असं मला वाटतं, पण दुकानातल्या कामावर मी बोललेलं त्यांना चालत नाही. ते म्हणतात, "तुम्ही दोघं एकमेकांवर चिडा खुशाल, पण माझ्या भाजीत मीठ दोनदा का पडतं तेवढं सांगा."

आता चिडण्याबद्दल. आमच्या कारखान्यात तुझ्या मशीनची ट्रायल होती, तिच्या आदल्या दिवशी तू मला बजावलं होतंस, "आई, आमचे बॉस असतील, तुमचे साहेब असतील. आपलं नातं तिथे दाखवायचं नाही. आईच्या ओळखीने मशीन खपवलं असं कोणी म्हणायला नको." मला ते पटलं होतं. पण म्हणून तू चारचौघांत माझ्यासमोर वही उघडून, "मॅडम, तुम्ही किती वर्षं क्रेन चालवताय?" असं विचारायचं काही कारण नव्हतं. "तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून," असं मी म्हणाले ते उगाच नाही. माझ्याच पोटच्या पोराला अहो-जाहो करताना मला काय वाटलं असेल? खाली साखळ्या लावणारे आमचे मामा रुमालात तोंड खुपसून हसत होते. तू आलास तेव्हाच सगळ्या कारखान्याला कळलं होतं रे. नाक माझं, चाल बाबांची, लपवणार काय आणि कसं?

तरीही मी शब्द पाळला असता. वर केबिनमध्ये जाऊन बसले, तुझी ती झोळी हुकाला लावली, तिचे दोन्ही रुंद पट्टे दहा टनांच्या साच्याखालून घेतले, साचा अलगद उचलला. आता वरची मोटर पट्टे फिरवणार आणि साचा हवेतल्या हवेत पालथ्याचा उताणा होणार, एवढ्यात तू पुढे आलास आणि नेमका त्या बाजूला उभा राहिलास, जिथे पलटीच्या वेळी आम्ही कुत्र्यालाही उभं राहू देत नाही. वॉकी-टॉकीचं बटण कधी दाबलं मला कळलंही नाही. "ढब्बू, मागे हो. मेल्या, आधी मागे हो." त्या दिवशी नेमके सगळ्यांच्या हातात वॉकी-टॉकी होते. साहेबांच्या, तुझ्या बॉसच्या, फोरमनच्या, मामांच्या. सगळीकडून एकदमच ढब्बू ऐकू आलं.

तू जमिनीवरच्या धोक्याच्या पिवळ्या रेषेच्या बाहेर होतास, मान्य. फोरमनने मला नंतर खाली नेऊन ती रेष दाखवली. झोळीत साचा जागच्या जागी फिरतो, बाजूला कोसळत नाही, म्हणून रेष आत घेतलीय, हेही समजावलं. समजलं मला. पण मी वर बसते. वरून मला माणूस दिसतो, रेष दिसत नाही. त्या जागी माणूस दिसला की हात थांबतो आणि तोंड सुटतं, हे माझ्या हाडात मुरलंय. तुझं मशीन नवं आहे, माझी हाडं जुनी आहेत. यात माफी मागण्यासारखं मला काही दिसत नाही. तिथे साहेब उभे असते तर त्यांच्यावरही ओरडले असते, फक्त ढब्बू म्हणाले नसते.

तू मान खाली घालून मागे झालास. ट्रायल नीट पार पडली, टाळ्या वाजल्या, तुझ्या बॉसनी तुझ्या पाठीवर थाप मारली, आणि तू वर केबिनकडे एकदासुद्धा पाहिलं नाहीस. संध्याकाळी जेवायला यायचं ठरलं होतं. बाबा दुकान लवकर बंद करून आले होते. 'उशीर झालाय, निघतोय,' असा मेसेज आला, आणि आम्ही दोघं तुझ्या रिकाम्या पाटासमोर जेवलो. पुढे कळलं की तुमच्या ऑफिसात आता सगळे तुला ढब्बू म्हणतात. म्हणू देत की. लहानपणी तू होतासच तसा, दोन्ही हातांनी उचलावं लागायचं. एवढा सहा फुटी बाप्या झालास आणि एका नावाने घायाळ होतोस, याला काय म्हणावं?

झोळी कशी आहे हे तू मला विचारलं नाहीस. साहेबांना विचारलंस, फोरमनला विचारलंस, सह्या घेतल्यास. जी बाई ती रोज हुकाला लावते तिला विचारावंसं तुला वाटलं नाही. तर ऐक. आधी आम्ही साचा कसा पालथा करायचो हे तू कागदावर काढलेलं मी पाहिलंय, पण वर बसून ते कसं लागतं हे कागदावर येत नाही. एका बाजूला साखळी लावायची, ती बाजू उचलत न्यायची, साचा कडेवर उभा राहायचा. मग असा एक क्षण यायचा की तो इकडेही नाही आणि तिकडेही नाही. त्या क्षणी माझ्या हातात काही उरायचं नाही. दांडे धरून नुसती बसलेली असायचे. मग तो स्वतःच्याच वजनाने पलीकडे जायचा, सैल साखळी खाडकन ताणली जायची, सगळी क्रेन हादरायची आणि केबिन पाळण्यासारखी हलायची. एकदा साखळी उडून मामांच्या पायावर आली, त्यात त्यांची दोन बोटं गेली. हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते हे की पलटी झाल्यावर मी शिडी उतरायचे तेव्हा माझ्या पोटऱ्या थरथरत असायच्या. कोणाला दिसू नये म्हणून शेवटच्या पायरीवर बसून बुटाची लेस बांधायचे. लेस सुटलेली नसायची.

झोळी आल्यावर पहिल्याच आठवड्यात फोरमन म्हणाला, "बाई, तुमच्या लेसी आता सुटत नाहीत वाटतं." इतकी वर्षं मेल्याला माहीत होतं. आणि खरंच, साचा झोळीत असा फिरतो की केबिनमध्ये माझ्यासमोर टांगलेला तारेचा तुकडाही हलत नाही. मी शिडी उतरते आणि सरळ चालायला लागते. हे तुझ्या मशीनचं सर्टिफिकेट समज. यापेक्षा जास्त कौतुक माझ्याकडून मिळणार नाही, कारण पुढचं सगळं त्रासाचंच आहे.

आमच्याकडचे साचे सारखे नसतात. एखादा एका अंगाला फारच जड असतो. तो फिरायला लागला की वजन एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर सरकतं, आणि तुझ्या झोळीला वाटतं की पट्टा घसरला. बीमवरची ती लाल डबी शिट्टी मारते आणि सगळं जागच्या जागी थांबतं. पट्टा खरंच घसरला तर थांबायलाच हवं, त्यासाठीच ती बसवलीय, हे मला कळतं. पण ती उगाचच थांबायला लागली. साचा हवेत अर्धवट तिरका, शिट्टी चालू, खाली सगळे माना वर करून उभे, आणि साहेब काचेमागून घड्याळ दाखवतायत. मी वर बसून नुसती धुमसत असायचे. लहानपणी तू बाजारात मध्येच फतकल मारून बसायचास, त्याची आठवण यायची. तुला निदान उचलून नेता यायचं.

तुमच्या कंपनीने फिटर पाठवला. स्वभावाने फार चांगला, पण त्याने हात लावल्यावर रिकामी झोळीसुद्धा शिट्टी मारायला लागली. दुपारी तो माझ्याजवळ डबा घेऊन बसला. म्हणाला, "मावशी, हे सेटिंग तुमच्या मुलालाच जमतं. प्रत्येक साचा फिरताना त्याने स्वतः समोर उभं राहून बघितलं पाहिजे. एका दिवसाचं काम आहे. त्यालाच पाठवणार होते, पण तो म्हणाला, तिथे दुसऱ्या कोणाला तरी पाठवा." मग त्या माणसाने, माझा चेहरा बघून असेल, मला आणखी एक गोष्ट सांगितली. तू म्हणे त्यांना नेहमी सांगतोस, "आमची आई ज्या दिवशी पलट्या मारून यायची त्या दिवशी पिशवी ठेवायची नाही, टाकायची. तो आवाज ऐकला की मी न सांगता अभ्यासाला बसायचो. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे मशीन आहे."

अशा दिवशी तू इतका शहाण्यासारखा का वागतोस याचं मला नवल वाटायचं. मी बाबांना म्हणायचे, पोरगं अधूनमधून बरं वागतं. एवढी गोष्ट तू मनात ठेवलीस, तिच्यासाठी शिकलास, लोखंडाची करून हुकाला टांगलीस, आणि सांगितलीस कोणाला, तर फिटरला. आईला अंगठा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. डबा अर्धा टाकून उठले आणि हात धुण्याच्या नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. डोळ्यांत काही गेलं असेल.

फिटर परत गेल्यावर साहेबांनी तुझ्या बॉसना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, फोरमन समोर उभा होता, म्हणून मला कळलं. तुझे बॉस म्हणाले, "डबीची एक वायर काढून टोकं जोडून टाका, शिट्टी बंद. फक्त आम्ही सांगितलं असं कुठे येऊ देऊ नका." तुला हे ठाऊक आहे का, मला माहीत नाही. ठाऊक असून तू गप्प बसलायस असं मी धरून चालत नाही, एवढं तुझ्या बाजूने धरते. आमच्या इलेक्ट्रिशियनने वायर काढली. आता डबी आहे तिथेच आहे, तिचा हिरवा दिवाही लागतो. पट्टा घसरला तरी तो हिरवाच राहणार.

दुसऱ्या दिवशी मी शिडी चढले नाही. खाली उभी राहिले. साहेब आले, आवाज न चढवता म्हणाले, "बाई, इतकी वर्षं साखळीने पलट्या मारल्यात. तेव्हा कुठे होती लाल डबी?" "मी चढणार नाही," एवढंच दोनदा म्हणाले, हट्टी पोरासारखं. उत्तर घरी भांडी घासताना सुचलं. साखळीच्या वेळी मामांना माहीत असायचं की साचा उडी मारणार, म्हणून ते लांब पळायचे. आता रेष आत आलीय. सगळे जवळ उभे राहतात, कारण त्यांना वाटतं की डबी बघतेय. हे तिथल्या तिथे सुचलं असतं तर काही उपयोग झाला असता का कोणास ठाऊक. साहेब म्हणाले, "मग काही दिवस स्टोअरमध्ये बसा." सुरक्षा अधिकाऱ्यांकडे मी लेखी दिलं. त्यांनी स्टोअरच्या दारावर नवं पोस्टर लावलं, हेल्मेट घातलेल्या हसऱ्या माणसाचं. तो दिवसभर माझ्याकडे बघून हसत असतो.

म्हणजे आता तुला कळलं असेल की एवढं लांबलचक लिहायला मला वेळ कुठून मिळाला. आठवडा झाला, मी हातमोज्यांच्या जोड्या लावतेय. उजव्या हाताचे जास्त आणि डाव्या हाताचे कमी, हे कसं होतं हे या कारखान्यात कोणीही सांगू शकत नाही. बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. रोज त्याच वेळी डबा घेऊन निघते आणि संध्याकाळी पिशवी अगदी हळू ठेवते. काल त्यांनी माझ्या चपलेचा बंद शिवून दिला, न सांगता. संशय आलेला दिसतोय.

माझं सोड. मी स्टोअरमध्येही रिटायर होऊ शकते, हातमोज्यांनी कोणाचा जीव जात नाही. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. माझ्या जागी एक नवी मुलगी तयार करतायत. मीच तिला क्रेन शिकवली, हात फार हलका आहे तिचा. घरी वर्षाची लेक आहे, नोकरी अजून कायम नाही. तिचं शिकणं पुरं व्हायचं होतं म्हणून पलटीची कामं अडून राहिली होती. ते आता पुरं झालं. सोमवारी ती एकटी वर बसणार, हुकाला वायर काढलेली झोळी असणार आणि खाली मामा असणार. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मी नाही म्हटलं तर मला स्टोअरसुद्धा मिळणार नाही." खरं आहे तिचं. फोरमनला मी गाठलं. तो म्हणतो, साहेबांचं वायरशी वैर नाही, शिट्टीशी आहे. इंजिनियर स्वतः आला आणि शिट्टी जागेवर आणली तर वायर त्याच दिवशी परत जोडू, हे त्याने साहेबांकडून वदवून घेतलंय. तेव्हा तू ये. घरी येऊ नकोस हवं तर, शर्ट मी गेटवर आणून देईन. बॉसना काय सांगायचं ते तू ठरव, आईने डोकं खाल्लं असं सांगितलंस तरी चालेल. पण तूच ये, दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस. हे कुरिअरने पाठवतेय, शनिवारी तुझ्या हातात पडेल. त्या मुलीला मी एवढं शिकवून ठेवलंय, की सोमवारी सकाळी पोट दुखतंय असं कळव आणि घरीच थांब. मंगळवारी तिचं काय दुखवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तुझीच,
आई